आपली स्कूटर, आपला साबण, आपली बँक

डिसेंबर २००९ मध्ये बजाज ऑटोने स्कूटर बनवणं बंद करायचं जाहीर केलं. निर्णय व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांचा. कंपनीने सगळी ताकद मोटरसायकलींवर लावावी, असं त्यांचं मत होतं. त्यांचे वडील राहुल बजाज यांनी या निर्णयाचं आपल्याला दुःख झाल्याचं उघडपणे सांगितलं आणि पुण्यातल्या कितीतरी घरांना ते दुःख आपलंच वाटलं. बजाजची चेतक स्कूटर ही त्या घरांची पहिली गाडी होती. पुढे उभं राहिलेलं पोर, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, तिच्या मांडीवर धाकटं, पुढे लटकवलेली भाजीची पिशवी. पावसाळ्यातल्या सकाळी गाडी हटून बसली की ती एका अंगाला कलती करायची, जरा थांबायचं आणि मग किक मारत राहायची. एवढं करूनही गाडीला कुणी नावं ठेवत नसे.

ती हळहळ खरी होती आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. पण त्यात एक गोष्ट विसरली जाते. चेतक १९७२ मध्ये आली, तेव्हा कंपनीने किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवाना ठरवत असे. मागणी अफाट, गाड्या मोजक्या. नाव नोंदवून लोक दहा-दहा वर्षं थांबले आहेत. नंबर लागलेली गाडी जास्त पैसे घेऊन दुसऱ्याला देणं हा तर सर्रास चालणारा व्यवहार होता. ‘हमारा बजाज’ ही जाहिरात १९८९ साली दूरदर्शनवर आली, तोवर हिरो होंडाची मोटरसायकल रस्त्यावर येऊन चार वर्षं झाली होती. कमी पेट्रोल पिणारी, एका किकमध्ये सुरू होणारी. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत, ज्या घरांनी स्कूटरसाठी नंबर लावले होते त्याच घरांतली मुलं मोटरसायकली घेऊन आली. याला कुणी बेइमानी म्हटलं नाही. म्हणायचं कारणही नव्हतं. ज्याला आपण इतकी वर्षं निष्ठा समजत होतो, तिच्यातला मोठा भाग नाइलाजाचा होता.

आणि कंपनीने काय केलं? खप उतरला तेव्हा स्कूटर बंद केली. पुढे विजेच्या गाड्यांना बाजार दिसू लागला, तेव्हा जानेवारी २०२० मध्ये चेतक हेच नाव घेऊन नवी गाडी आणली. दोन्ही वेळा तिने हिशेब पाहिला, आणि ते योग्यच होतं. भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीने आठवणींसाठी कारखाना चालवावा अशी अपेक्षा कुणी करू नये. माझा प्रश्न ग्राहकाच्या बाजूचा आहे. विकणारा दर वेळी हिशेब पाहत असेल, तर घेणाऱ्याने हिशेब पाहणं कमीपणाचं का वाटावं?

ब्रँडवर विश्वास ठेवावा, तोही अधूनमधून तपासून घ्यावा. पण निष्ठा ठेवू नये, असं माझं मत आहे. निष्ठा म्हणजे आपलं नुकसान होत असतानाही सोबत न सोडणं. माणसं एकमेकांसाठी हे करतात, कारण उद्या आपल्यावर वेळ आली तर समोरचाही थांबेल अशी खात्री असते. ब्रँडकडून अशी खात्री मिळण्याची सोयच नाही. तो एक नोंदणीकृत हक्क आहे. तो विकत घेता येतो, विकता येतो, गहाण ठेवता येतो, कपाटात बंद करून ठेवता येतो.

१९९३ हे वर्ष घ्या. त्या वर्षी दोन मोठे व्यवहार झाले. कोका-कोलाने पारलेच्या चौहान बंधूंकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, माझा ही पेयं घेतली. १९७७ मध्ये कोका-कोला भारत सोडून गेली तेव्हा तिची जागा घेण्यासाठी जन्मलेलं थम्स अप सोळा वर्षांनी तिच्याच पदरात पडलं. नव्या मालकाला आपलं स्वतःचं कोक खपवायचं होतं, त्यामुळे थम्स अप मागे सारलं गेलं. पण लोक दुकानात जाऊन तेच मागत राहिले, आणि कंपनीला पुन्हा त्याच्यावर पैसे लावावे लागले. गोल्ड स्पॉटचं नशीब एवढं नव्हतं. ज्यांच्या लहानपणीच्या लग्नांमध्ये बर्फाच्या पिंपातून ती केशरी बाटली निघायची, त्यांच्या प्रेमाला कुणी विचारलं नाही. पेय बंद झालं. थम्स अपच्या चाहत्यांची चिकाटी ही ब्रँडनिष्ठेची विजयकथा म्हणून सांगितली जाते. २०२१ मध्ये या पेयाची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरवर गेली. ते पैसे कोणाला मिळाले, हेही त्या कथेत सांगायला हवं.

दुसरा व्यवहार मराठी घराच्या अधिक जवळचा. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याच्या वाटीशेजारी जो गोल, जाडजूड, गुलाबाच्या नाहीतर चंदनाच्या वासाचा साबण असतो, तो मोती. हा साबण टाटांच्या टाटा ऑइल मिल्स कंपनीचा, म्हणजे टॉमकोचा. १९९३ मध्ये टॉमको हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन करायचं ठरलं. कामगार संघटना विरोधात सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १९९४ मध्ये कोर्टाने विलीनीकरण कायम केलं. ज्यांची रोजीरोटी गुंतली होती ते लढले. साबण लावणाऱ्या आपल्याला मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. त्यानंतर पहाटे दारोदार जाऊन लोकांना उठवणाऱ्या आजोबांची जाहिरात आली आणि मोती दिवाळीचं जणू अंगच झाला. मी त्या जाहिरातीच्या विरुद्ध नाही. ती छान आहे. पण पहाटेची थंडी, तेलाचा वास, आईचा हात, ओवाळताना डोळ्यांत जाणारा दिव्याचा धूर हे सगळं आपल्या घरचं आहे. कंपनीने त्यात फक्त वडी ठेवली. आठवणीवरचं प्रेम आठवणीपाशीच ठेवलं, तर साबण निवडताना डोकं मोकळं राहतं.

मग विश्वास तरी कशाला, असं कुणी विचारेल. विश्वास लागतोच. गिरगावात वि. पं. बेडेकरांचं दुकान १९१० साली सुरू झालं. तिखटात विटेची भुकटी आणि हळदीत रंग मिसळला जाण्याची भीती घरोघरी असायची, आणि पुडी सोडून मसाला तपासण्याचं साधन कुणाकडेच नव्हतं. अशा वेळी एका नावाशी चिकटून राहणं हे शहाणपण होतं. दरवेळी परीक्षा घ्यायला नको, एवढीच ब्रँडची खरी किंमत. पण हा विश्वास माहितीच्या अभावातून येतो, हे लक्षात ठेवायला हवं. जिथे तपासणी हाताशी येते तिथे त्याची गरज कमी होत जाते.

सोन्याचं पाहा. ‘आमचा सोनार’ हा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध. त्यात माया होती, तशी सक्तीही होती. बांगडी मोडायला दुसऱ्या पेढीवर नेली की तिथला सोनार ती कसोटीच्या दगडावर घासून बघे, तोंड वाकडं करी आणि तोळ्यामागे घट सांगे. ‘आमच्याकडचंच सोनं असेल तर घट धरणार नाही,’ हे वाक्य अनेक घरांनी ऐकलेलं आहे. म्हणजे पहिला दागिना जिथे केला तिथेच शेवटचा मोडायचा. वाटेत सून आली तरी तिचं मंगळसूत्रही तिथलंच. १६ जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचं होऊ लागलं, प्रत्येक दागिन्यावर ओळखक्रमांक आला, आणि कोणत्याही गावच्या कोणत्याही पेढीवर तो बघता येऊ लागला. चांगल्या सोनारांचं यात काहीच बिघडलं नाही. बिघडलं ते ग्राहकाच्या अज्ञानावर जगणाऱ्यांचं. एका छोट्या शिक्क्याने जे केलं, ते तीन पिढ्यांच्या निष्ठेला जमलं नव्हतं.

उलट, निष्ठेचा दंड मात्र भरावा लागतो, आणि हे आता केवळ अनुमान राहिलेलं नाही. ब्रिटनमध्ये सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थेने २०१८ मध्ये सरकारी यंत्रणेकडे रीतसर तक्रार केली: मोबाइल, ब्रॉडबँड, घराचा विमा, गृहकर्ज आणि बचत खाती या पाच क्षेत्रांत जुने ग्राहक नव्यांपेक्षा जास्त पैसे मोजतात, आणि हा भुर्दंड वर्षाला चार अब्ज पौंडांच्या घरात जातो. विमा कंपन्या दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी हप्ता थोडा थोडा चढवायच्या. जो गप्प राहून भरेल त्याच्याकडून जास्त, जो चौकशी करेल त्याला सूट. यात सर्वांत जास्त भरडले जायचे ते म्हातारे लोक. शेवटी तिथल्या नियामकाने १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात ही पद्धत बंद केली.

आपल्याकडे याचा अनुभव मोबाइलवाल्यांनी दिलेला आहे. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आली. नंबर दुसरीकडे नेण्यासाठी संदेश पाठवून बघा. एरवी ज्या कंपनीचा माणूस फोनवर सापडत नाही, तिचा प्रतिनिधी स्वतः फोन करतो आणि एवढी वर्षं कुठे होती असं वाटावं अशी सवलत पुढे करतो. ती सवलत कालही देता आली असती. जो जायला निघाला नाही त्याला ती मिळाली नाही.

पॉइंट, कार्डं, कॅशबॅक याबद्दल फार लिहीत नाही. ज्याचा मोबदला आधीच ठरवून दिलेला आहे त्याला निष्ठा म्हणणं मला पटत नाही. ती उशिरा मिळणारी सूट आहे, आणि मुदत संपल्यामुळे अनेकदा मिळतही नाही. पाच रुपयांचा पुडा पाचच रुपयांना मिळतो आणि आतलं वजन उतरत जातं, त्याबद्दलही सगळ्यांना माहीत आहे. आता पाकिटावर ग्रॅममागची किंमत छापावी लागते. ओळखीच्या पुड्यावर नजर न टाकता तो पिशवीत टाकणाऱ्याला मात्र त्या छपाईचा उपयोग नाही.

ग्राहक दुरावल्याने काय साधतं, याचं महाराष्ट्रातलं एक उदाहरण आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, कॅडबरीच्या डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने माल ताब्यात घेतला. कंपनीचं सुरुवातीचं म्हणणं असं की दोष दुकानातल्या साठवणुकीचा. त्या दिवाळीत लोकांनी भेटीसाठी दुसरं काहीतरी घेतलं आणि खप धाडकन खाली आला. २००४ च्या सुरुवातीला चॉकलेटचं वेष्टन बदललं. कागदात आणि सैल चांदीत गुंडाळलेली वडी जाऊन चहूबाजूंनी उष्णतेने बंद केलेलं वेष्टन आलं. नंतर अमिताभ बच्चन येऊन विश्वास द्यायला लागले, पण जे बदललं ते वेष्टन. ग्राहक म्हणाले असते की लहानपणापासूनचं चॉकलेट आहे, एखादी चूक पोटात घालू या, तर ते बदललं असतं असं मला वाटत नाही. आज आपल्या मुलांच्या हातात जी बंद वडी पडते, ती त्या दिवाळीत पाठ फिरवणाऱ्यांची कमाई आहे.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. संकटात नीट वागलेल्या कंपनीला तरी निष्ठेने उत्तर द्यायला नको का? १९८२ मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात माणसं गेली. जॉन्सन अँड जॉन्सनने तीन कोटींहून अधिक बाटल्या परत घेतल्या आणि छेडछाड केली तर दिसेल असं झाकण आणलं. आजही व्यवस्थापनाच्या वर्गात हा धडा शिकवला जातो, आणि शिकवावा. पण याच कंपनीची बेबी पावडर आपल्याकडे बारशाच्या आहेरात हमखास असायची. तिच्या टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉस असल्याचे आरोप झाले, अमेरिकेत हजारो दावे उभे राहिले. कंपनीने आरोप कायम नाकारले, तरी २०२३ मध्ये टाल्कची पावडर जगभर थांबवून मक्याच्या स्टार्चची आणली. महाराष्ट्रात मुलुंडच्या कारखान्याचा परवाना वेगळ्याच कारणाने रद्द झाला होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो आदेश रद्द ठरवला. हेही नमूद केलं पाहिजे. मला एवढंच म्हणायचं आहे की १९८२ च्या चांगल्या वागण्याची पावती १९८२ च्या व्यवहाराला द्यावी. चाळीस वर्षांनंतरच्या डब्याची परीक्षा नव्याने घ्यावी लागते, कारण आतली माणसं, माल आणि मालक तेच राहिलेले नसतात.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला, स्वदेशीचा आहे आणि तो मला जास्त अडवतो. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. लोकांनी जाडंभरडं, महाग कापड जाणूनबुजून घेतलं. अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा मागून पैसाफंड उभा केला, टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्यातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे शिकलेल्या तरुणांनी देशात इतरत्र काचेचे कारखाने काढले. हे नुकसान सोसून केलेलं काम होतं, आणि ते थोर होतं. मात्र ते करणाऱ्यांची निष्ठा कोणत्याही गिरणीशी नव्हती. आणि गिरण्यांनी काय केलं? मागणी वाढताच मुंबईच्या गिरण्यांनी भाव चढवले आणि बंगालमधून तक्रारी येऊ लागल्या. देशासाठी पदरमोड करणाऱ्याच्या खिशातून जादा नफा काढण्याची ही सवय जुनी आहे. आज डब्यावर तिरंगी पट्टा रंगवून माल विकणाऱ्यांकडे बघताना ती आठवावी.

‘मराठी माणसाने मराठी उद्योजकाकडून घ्यावं’ हे आवाहन त्याच घराण्यातलं. मला ते मान्य आहे, एका मर्यादेपर्यंत. आपल्यातल्या कुणी धडपडून काही उभं केलं, तर पहिली संधी त्याला द्यावी. माल कमी पडला तर तोंडावर सांगावं आणि दुसरीही द्यावी. तिसऱ्या वेळी मात्र भाषेच्या नावावर खराब माल घेत राहणं हे त्या उद्योजकाचं नुकसान आहे; त्याला बाहेरच्या बाजारात उभं राहायचंय आणि तिथे कुणी त्याची भाषा बघणार नाही. शिवाय नाव मराठी राहतं आणि मालकी सरकते. दांडेकरांची कॅम्लिन १९३१ ची. मराठी शाळांतल्या कंपासपेट्या आणि रंगांच्या वड्या तिच्याच. २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने तिच्यात मोठा हिस्सा घेतला. रंग चांगले असतील तर आजही खुशाल घ्यावेत, पण रंग म्हणून.

आपलेपणाची सर्वांत मोठी किंमत पुण्याने बँकेच्या दारात मोजली. रुपी बँक १९१२ ची. काउंटरवर ओळखीचा चेहरा, मराठीतली पासबुकं, वडिलांचं खातं तिथे म्हणून मुलाचंही तिथे, निवृत्तीची सगळी रक्कम तिथेच. बुडीत कर्जांनी बँक पोखरली गेली आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले. स्वतःचेच पैसे काढायला मर्यादा आली. त्यानंतर नऊ वर्षं ठेवीदार सभा, निवेदनं, विलीनीकरणाच्या अफवा यांत अडकले. कितीजण त्यातच गेले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परवाना संपला. ठेवींवरचं विमासंरक्षण २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेलं होतं म्हणून छोटे ठेवीदार वाचले. ज्यांनी आयुष्याची सगळी पुंजी एकाच ‘आपल्या’ बँकेत ठेवली होती, त्यांच्या निष्ठेला विम्याची मर्यादा लागू झाली. ही माणसं लोभी नव्हती. जास्त व्याजामागे धावली म्हणून ती फसली असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. बँक बदलणं त्यांना कृतघ्नपणाचं वाटत होतं, म्हणून ती फसली.

तर मग बाजारात निष्ठेला जागाच नाही का? आहे, जिथे समोर माणूस आहे तिथे. २०२० च्या टाळेबंदीत ज्या कोपऱ्यावरच्या वाण्याने शटर अर्धं वर करून, पगार कापलेल्या घरांना वहीत मांडून डाळ-तांदूळ दिला, त्याच्याकडून आज ॲपपेक्षा दोन रुपये जास्त देऊन घेणं मला योग्य वाटतं. त्याने जोखीम घेतली होती. तसंच सहकारी दूध संघांचं. गोकुळ किंवा वारणेच्या पिशवीमागे दूध घालणारा सभासद मालक म्हणून उभा असतो. संघ नीट चालतो का, दुधाचा दर खरोखर गोठ्यापर्यंत पोचतो का, हे विचारत राहून तिथे टिकून राहायला हरकत नाही.

पण ज्यांच्याशी आपण सर्वांत कमी निष्ठा दाखवतो ते आहेत आपल्यासारखेच ग्राहक. आपल्या फोनची बाजू घेऊन अनोळखी माणसाशी भांडायला आपल्याकडे वेळ असतो. त्याच फोनची बॅटरी तीन महिन्यांत फुगली म्हणून दुकानात हुज्जत घालणाऱ्याच्या बाजूने मात्र कुणी उभं राहत नाही. महाराष्ट्राने याहून चांगलं पाहिलेलं आहे. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या मागे हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्या कोणत्याही छापाच्या तेलाच्या चाहत्या नव्हत्या. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवायला, आळीपाळीने वाटून घ्यायला सुरुवात केली. माल पसंत पडला नाही तर पुढच्या महिन्यात पुरवठादार बदलायचा. त्या कुटुंबांची निष्ठा एकमेकांशी होती, म्हणून पुरवठादाराला नीट राहावं लागे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा अशाच चळवळींच्या दबावातून घडले.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या नेहमीच्या, लाडक्या कंपनीने फसवलं, तर ‘जाऊ दे, इतकी वर्षं घेतोय’ म्हणून सोडून देऊ नका. तुम्ही सोडलं की तोच माल उद्या तुमच्या शेजाऱ्याच्या घरी जातो. बिल जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा: मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील करण्याची सक्ती नाही, आणि तक्रार करायला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.